दोन नंबरची बरणी

२५ मे, रविवार

आज घरात भांडण झालं. म्हणजे मी केलं. आत्या फक्त बोलल्या.

लोणच्याचे दिवस आले म्हणून गेल्या वर्षीची बरणी घासायला काढली होती. तळाला अजून बुरशीचा वास. माझी लेक अंकिता धरू लागायला पुढं आली, तर आत्या म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे बाय. गेल्या साली तुजा हात लागला न् सगळं लोणचं गेलं." गेल्या वर्षी तिची पाळी नुकतीच सुरू झाली होती. तिला काय माहीत? भूक लागली, तिनं बरणीतनं वाढून घेतलं. तेव्हापासून ते लोणचं तिच्या नावावर. पोरीनं हात मागं घेतला आणि तोंड एवढंसं करून उभी राहिली. तेरा वर्षांची आहे.

मी तडकले. "आत्या, बुरशीला पाळी कळत नाही, ओलावा कळतो." सासूबाईंना मी आत्याच म्हणते. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्ये तुज्या शाळंत सांग. माज्या बरणीला न्हाई कळत तुजं विज्ञान."

खरी लाज वेगळीच वाटतेय. रहिमतपुरात पंधरा वर्षं मी विज्ञान शिकवते. सुट्टीत आजूबाजूच्या गावांत जाऊन बायकांना सांगते — कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. टाळ्या पडतात. आणि माझ्या घरात माझी मुलगी महिन्यातले चार दिवस पडवीतल्या कॉटवर वेगळं ताट घेऊन बसते. वर्ष झालं. मी आपलं "जाऊ दे, आत्यांचं वय झालंय" म्हणत आले.

आणि मी? मी आत्यांना सांगतच नाही माझी कधी येते ते. लग्न झाल्यापासून नाही. त्याच हातांनी स्वयंपाक, त्याच हातांनी देवपूजा, त्याच हातांनी लोणचं. कधी काही नासलं नाही. अंकिताला हे जमत नाही. तिला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर सगळं दिसतं.

२६ मे

आत्यांना म्हटलं, भांडण नको, बघूनच घेऊ. एकाच दिवशी, एकाच मसाल्याचं लोणचं. घरची मोठी बरणी नेहमीसारखी तुम्ही भरा. शिवाय काचेच्या दोन लहान बरण्या. एक नंबर तुम्ही कालवायची. दोन नंबर अंकितानं कालवायची, तिची पाळी चालू असताना. दीड महिन्यानं उघडू.

"आन् दोन नंबरची नासली तर?"

"तर मी परत या विषयावर तोंड उघडणार नाही. पण नाही नासली, तर अंकिता पडवीत बसणार नाही. कधीच."

आत्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "दगडाबाईला बोलवायचं बघायला. घरातल्या घरात नगं." दगडाबाई म्हणजे शेजारीण. तिला कळलं की गावाला कळलं. मला तर तेच हवं होतं.

सगळं ठरताना अंकिता तिथंच गवारी मोडत बसली होती. तिला विचारायचं राहिलं. नंतर विचारलं, "करशील ना गं?" म्हणाली, "हो."

३० मे

कैऱ्या आणून परवापासून ओल्या पोत्याखाली ठेवल्यात. अंकिताची तारीख उलटली तरी पत्ता नाही. आत्या आज चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तुज्या विज्ञानापायी माज्या कैऱ्या पाडाला लागल्या." मलाही धीर नाही. रोज सकाळी तिला विचारते, आली का? दगडाबाई सुद्धा कुंपणावरनं विचारते, "आली का गं पोरीची?"

मला हसू आलं. अंकिता आत निघून गेली.

१ जून, रविवार

आली! अंकिता उठली आणि चहाच्या आधी मला म्हणाली, "आली." मी तिला जवळ घेतलं. पोट दुखतंय का विचारलं, तर या वेळी अजिबात नाही म्हणाली. बरं झालं, नाहीतर कालवताना कळवळली असती.

दिवसभर लोणचं. कैऱ्या आत्यांनीच फोडल्या, अडकित्ता दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तेल कडवून गार केलेलं — सगळं एकाच पातेल्यातलं. मी मुलांना शिकवते तसं, तपासायची ती एकच गोष्ट वेगळी, बाकी सगळं सारखं. दोन्ही बरण्या एकाच उन्हात वाळवल्या. अंकितानं वेगळ्या परातीत कालवलं. दगडाबाई खुर्ची टाकून बघत बसली होती. मी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तोंडाला फडक्याचे दादरे बांधले.

शेवटी आत्या अडून बसल्या. "दोन नंबरची माज्या फळीवर न्हाई. माज्या फळीवर देवाचं तूप असतंय." मग ती न्हाणीघराला लागून असलेल्या बोळातल्या फळीवर ठेवली. मीही म्हटलं, ठीक आहे, एवढं तर त्यांचं ऐकू.

नवऱ्याचा, जयराजचा, जैसलमेरच्या छावणीतून फोन आला. बायकोचे पराक्रम ऐकून म्हणाला, "युनिट को बताऊँ क्या? मॅडमनं घरातच आघाडी उघडली." बराच वेळ हसत होता.

२ जून

आज फार छान वाटतंय.

१८ जून

शाळा सुरू झाली. आठवीच्या वर्गात प्रयोग कसा करायचा ते शिकवताना बरण्यांची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं, "एका घरात एक मुलगी" एवढंच. मुली कान टवकारून ऐकत होत्या. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्यात पापडाचं पण असंच असतंय." मला भरून आलं. म्हटलं, यासाठीच तर आपण शिकवतो.

अंकिता त्याच वर्गात आहे. मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत होती. लाजली असेल.

बाळासो सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "आवं मॅडम, नासलं तर काय करणार?" मी म्हटलं, "जे दिसेल ते सांगणार. विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं?" सगळ्यांसमोर म्हटलं.

१२ जुलै, शनिवार

लिहू की नको?

उद्या सकाळी बरण्या उघडायच्या. आत्या दगडाबाईबरोबर औंधला यमाईला गेल्या होत्या, अंकिता शिकवणीला. मी एकटी. सहज दोन नंबरचा दादरा सोडून बघितला.

बुरशी. थोडी नाही. वरचा थर पांढरा, कडेला हिरवट. फोडी मऊ पडलेल्या. एक नंबर उघडली. ती स्वच्छ, तेल वर, वास घमघमीत. मोठी बरणी पण स्वच्छ.

मी तिथंच बोळात खाली बसले. डोक्यात सगळं बरोबर होतं. एका बरणीनं काही सिद्ध होत नाही. काहीतरी कारण असणार, शोधायला पाहिजे. परत करून बघायला पाहिजे. वर्गात हेच सांगते मी. पण उद्या दगडाबाईसमोर हे बोलले असते तर? हरल्यावर माणसाला कारणं सुचतात, हेच म्हणाली असती. आणि अंकिता पुन्हा पडवीत. ती पण कायमची, माझ्याच शब्दानं.

परसात जास्वंदीखाली खड्डा करून सगळं पुरलं. बरणी आतून घासली, गॅसच्या धगीवर वाळवली, मोठ्या बरणीतलं लोणचं काढून भरली. चिठ्ठी तशीच होती. दादरा तसाच बांधला. सगळं नीट, न चुकता केलं. त्याचंच आता वाईट वाटतंय.

आत्या आल्या, प्रसादाचा नारळ हातावर ठेवला. म्हणाल्या, "तुज्या बरणीसाठी पण मागून आले गं आईपाशी. पोरीचं चांगलं होऊ दे म्हणलं." मी नारळ घेतला.

१३ जुलै, रविवार

जिंकले.

दगडाबाई, तिची सून सोनिया, पलीकडच्या दोन बायका. आत्यांनी स्वतः दोन नंबरचा दादरा सोडला. वाकून बघितलं. वास घेतला. एक फोड तोंडात टाकली आणि चघळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलंच हाय की." दगडाबाईनं पण खाल्लं. सोनियानं माझ्याकडं इतक्या आशेनं बघितलं, की मला मान वळवावी लागली.

आत्या उठल्या, पडवीतल्या कॉटवरची वळकटी उचलली आणि आत आणून ठेवली. मी एवढी वर्षं ज्यासाठी घसा फोडला, ते झालं. आणि मला वाटत होतं, जमिनीनं पोटात घ्यावं.

अंकितानं लोणचं खाल्लं नाही. "नको, तिखट असेल," म्हणाली. तिला तिखट लागतं कधीपासून?

१४ जुलै

आत्या म्हणाल्या, मोठ्या बरणीतलं कमी झालंय वाटतं. मी म्हटलं, शाळेत डब्याला नेलं. एका खोट्याला दुसरं जोडावं लागतं, हे खरंच आहे.

१६ जुलै

कारण सापडलं. सापडायला नको होतं.

बोळात वाकून साबणाचा डबा काढताना त्या फळीवर हात टेकला. हात ओला झाला. भिंतीत न्हाणीघराचं पाणी झिरपतंय, फळी मागनं काळी पडलीय. दोन नंबरची बरणी दीड महिना तिथं होती. एक नंबर आणि मोठी बरणी वरती, चुलीच्या उबेला, कोरड्या फळीवर.

बाकी सगळं सारखं! फळी सोडून. विटाळाची म्हणून बरणी बाजूला ठेवली, बाजूची जागा ओली, म्हणून ती नासली. आणि नासली की म्हणायचं, बघा, विटाळ. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं असेल. गेल्या वर्षीचं पण आठवलं. अंकितानं हात लावला म्हणून आत्यांनी ती बरणी ह्याच बोळात आणून ठेवली होती. त्यानंतर ती नासली.

किती सोपं होतं. बायकांना नुसतं त्या फळीवर हात ठेवायला लावला असता, तरी वीस भाषणांपेक्षा जास्त कळलं असतं. त्यासाठी बुरशी दाखवायला लागली असती. ती मी जास्वंदीखाली पुरली. आता कुठल्या तोंडानं सांगू?

२० जुलै

अंकिता आता चारी दिवस घरात वावरेल. आत्या स्वतः म्हणाल्या, "आता कवा आली-गेली मला सांगू नगंस बाय." मी एवढ्या खुशीनं तिच्याकडं बघितलं. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

स्वयंपाकघरात येते, पण कशाला हात लावायच्या आधी हात धुते. पुन्हा पुन्हा धुते. बरणीच्या फळीकडं तर जातच नाही. विचारलं, काय झालं? "काही नाही." मला वाटतंय, तिनं ती बुरशी बघितली असणार. माझ्या आधीच बघितली असणार. आणि मग रविवारी स्वच्छ बरणी. हुशार आहे, काय समजायचं ते समजली असेल — आईनं लपवलं, म्हणजे ते खरंच असणार.



२९ जुलै, नागपंचमी

आज तर कहर झाला.

देवळापुढं बायकांचा फेर होता. फेर थांबल्यावर आत्या मधे उभ्या राहिल्या. त्यांना मी कधी चार माणसांत बोलताना बघितलं नाही. म्हणाल्या, "आमच्या घरात पोरीच्या हातचं लोणचं चांगलं ऱ्हायलं. मी माज्या डोळ्यानं बघितलं, माज्या जिभंनं चाखलं. ही मनुबाई खोटं बोलंल का?" त्यांचा शब्द गावात आहे. माझ्या भाषणाला टाळ्या पडतात, त्यांच्या बोलण्याला बायका गप्प झाल्या.

तिथनं मला म्हणाल्या, "चल माज्यासंगं." थेट रंगुबाईंच्या दारात. रंगुबाई म्हणजे आत्यांची जाऊ. एकत्र घर होतं तेव्हा एकदा लोणचं नासलं. आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, रंगीनं बाहेरची असून हात लावला. त्यावरनं चुली वेगळ्या झाल्या. गल्ली एक, पण बोलणं बंद. आमच्या लग्नात सुद्धा रंगुबाई अक्षता टाकून न जेवता गेल्या होत्या, एवढं मला आठवतंय.

आत्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "रंगे, मी तुला लय बोलले गं. तुजा काय दोष न्हवता. आता कळलं."

रंगुबाईंनी पदरानं डोळे पुसले, म्हणाल्या, "मी बाहेरची न्हवतेच गं तवा. पर ऐकलं कुणी?" आणि आत जाऊन चहा ठेवला. चहा पिताना मला विचारलं, "क्रांती, तू शिकलेली हाईस. खरंच काय न्हाई ना गं होत?"

"नाही. खरंच नाही," मी म्हटलं. हे खरं आहे. शंभर टक्के खरं आहे. मग सांगताना कपाळाला घाम का आला?

३ ऑगस्ट

सोनियानं सांगितलं, दगडाबाईनं तिला पहिल्यांदा त्या दिवसांत स्वयंपाकघरात येऊ दिलं. माझे हात हातात घेऊन सांगितलं.

जयराजला फोनवर सगळं सांगितलं. रडले. तो म्हणाला, "चांगलंच झालं की त्यातनं. कशाला उकरतेस?" सगळ्यांचं बरं चाललंय. मीच एकटी कशाला उकरू? पण मग देव अंगात आणून खोटं सांगणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय? तो पण म्हणतो, बायकांचं भलंच झालं ना.

आणि एक घर आहेच जिथं भलं झालेलं नाही. पोरगी अजून हात धुते.

१० ऑगस्ट, रविवार

आत्यांना सांगितलं.

दुपारी त्या शेंगा फोडत होत्या. समोर बसले आणि पहिल्यापासनं शेवटपर्यंत सांगितलं. बुरशी, जास्वंदीखालचा खड्डा, मोठ्या बरणीतलं लोणचं. बोळात नेऊन त्या फळीवर त्यांचा हात ठेवला. मग तेही सांगितलं, जे पंधरा वर्षं सांगितलं नव्हतं — की मी कधी बाजूला बसलेच नाही. त्यांच्या देवाचा नैवेद्य मी त्या दिवसांतही केलाय.

त्या फळीवरचा हात त्यांनी पदराला पुसला. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी देवळापुढं माजी जीभ दिली, क्रांते. तुज्या खोट्यावर."

"हो आत्या."

"मी देवाला भ्यायची. तू कुणाला भ्यालीस?"

काय सांगणार? दगडाबाईला भ्याले. बाळासो सरांना भ्याले. हरायला भ्याले. आणि पंधरा वर्षं या माउलीला भ्याले, जिनं खरं कळल्यावर पंधरा दिवसांत जावेच्या दारात जाऊन माफी मागितली. मी हे तोंडानं नाही बोलले.

शेवटी म्हणाल्या, "रंगीची माफी मागितली ती ऱ्हाऊ दे. ती मी मागायचीच होती." आणि, "पुढच्या खेपंला पोरगी आत बसंल का भाईर, ते मला आत्ता इचारू नगंस. माजं डोस्कं फिरलंय." उठताना एवढंच म्हणाल्या, "पोरीला सांग आधी. तिच्या हाताची बरणी हुती."

११ ऑगस्ट

अंकिताला सांगितलं. बरणी बदलली ते, आणि फळीचं. तिला बोळात नेलं, ओली भिंत दाखवली. म्हटलं, तुझ्या हातानं काही झालं नाही, बाळा. माफ कर मला. तुझ्या हातात काही नाही.

ती भिंतीकडं बघत राहिली. रात्री जेवली नाही.

१२ ऑगस्ट

सकाळी वेणी घालताना, माझ्याकडं पाठ असताना, अंकिता बोलली. तिला त्या दिवशी पाळी आलीच नव्हती. मी रोज विचारत होते, आजी चिडत होती, कैऱ्या पिकायला लागल्या होत्या, दगडाबाई कुंपणावरनं विचारत होती, म्हणून "आली" म्हणाली. बुरशी तिनं माझ्या आधी बघितली होती.

"मला वाटलं, मी खोटं बोलले म्हणून बुरशी आली."